विंडोज राहू द्या, फक्त त्याचं इंटरनेट काढून घ्या

या वेळचं पत्र सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचं आहे. थोडं कापून देतो.

"माझा लॅपटॉप २०१६ सालचा. आय-थ्री, सहावी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. सुरू व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात, तोवर माझा चहा पिऊन होतो. विंडोज ११ या मशीनवर चालणार नाही असं स्क्रीनवर येतं. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो म्हणतो, 'आई, विंडोज उडव, लिनक्स टाक.' मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत आहेत, निकालपत्रकं एक्सेलमध्ये, आणि घरचे सगळे फोटो याच मशीनवर. इथला दुकानदार म्हणतो दोन्ही शेजारी शेजारी बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. पण हे लिनक्स फुकट आहे म्हणजे त्यात काहीतरी गोम असणारच ना? आणि त्या काळ्या पडद्यावर मला काहीबाही टाइप करत बसावं लागेल का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी 'सगळे फोटो याच मशीनवर' या शब्दांशी थांबलो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवणारी दुसरी प्रणाली, तिचं नंतर बघू. आत गरगर फिरणारी तुमची ती हार्ड डिस्क आता म्हातारी झाली आहे, आणि अशी डिस्क जाते तेव्हा आधी निरोप पाठवून जात नाही. म्हणून पुढचं काही वाचायच्या आधी एक बाहेरची हार्ड डिस्क आणा आणि फोटो, प्रश्नपत्रिका, निकालपत्रकं तिच्यावर उतरवून घ्या. मग ती डिस्क लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवा. चोर बॅग नेतो तेव्हा दोन्ही एकदम जातात.

हे इतकं ठासून सांगतोय कारण माझ्या हातून एकदा घडलं आहे. २००९ साली उबुंटू नावाचं लिनक्स बनवणारी कंपनी मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवायची. परदेशातून आलेलं ते पाकीट हातात पडलं की आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटायचं. त्या उत्साहात मी मावसभावाच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवायला घेतलं. एका पडद्यावर दोन पर्याय होते, शेजारी बसवा किंवा संपूर्ण डिस्क वापरा. मी वाचलं न वाचल्यासारखं केलं आणि पुढे गेलो. त्याच्या लग्नाचे फोटो त्यात होते. फोटोग्राफरकडे निगेटिव्ह नव्हत्या, डिजिटलच होतं सगळं, आणि त्यानेही पुसून टाकलेलं. मावशी अजून मला 'कॉम्प्युटरवाला' म्हणते, ते कौतुकाने नाही.

आता तुमच्या दुकानदाराकडे येतो. अर्ध्या तासाचं काम हे तो खरंच सांगतोय. तो काय करेल, तर तुमच्या सी ड्राइव्हला थोडं आकसून घेईल, मोकळी झालेली जागा लिनक्सला देईल, आणि मशीन सुरू करताना 'कुठे जायचं' असं विचारणारी यादी येईल. याला ड्युअल बूट म्हणतात. निरोगी डिस्कवर, बॅकअप हाताशी असताना, यात काही वावगं नाही. हजारो लोकांनी असंच शिकलं. पण दहा वर्षांच्या डिस्कवर ड्राइव्ह आकसायचा म्हणजे आतला डेटा इकडून तिकडे हलवायचा, आणि नेमकं तेव्हा वीज गेली किंवा डिस्कने दगा दिला तर दोन्ही घरं एकदम बसतात. शिवाय तुमची मूळ तक्रार तशीच राहते. मशीन हळू आहे ते मुख्यतः डिस्कमुळे. त्याच डिस्कवर लिनक्स बसवलंत तर चहाचा कप अर्धा होईल, इतकंच.

त्यामुळे मुलाचं 'उडव' आणि दुकानदाराचं 'शेजारी', दोन्ही मला आज तरी मान्य नाहीत. माझा तिसरा मार्ग आहे, पण त्याआधी दोन आठवडे फुकट चव घ्यायची सोय आहे ती वापरा.

लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतं. डिस्कवर काहीही न बसवता, काहीही न बदलता. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, आणि त्यात जे असेल ते पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवा. त्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ असतील तर आधी काढून घ्या. लिनक्स अनेक नावांनी मिळतं, त्यातल्या लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरून साधारण ३ जीबीची फाइल उतरवायची आणि रुफस नावाच्या छोट्या, फुकट प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढवायची. नुसती कॉपी-पेस्ट केलेली चालत नाही, इथे निम्मे लोक अडकतात. मग लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावायचा आणि सुरू होता होता बूट मेनूचं बटण दाबत राहायचं. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपवर ते एफ-१२ असतं, एचपीवर एस्केप किंवा एफ-९. यादीत पेन ड्राइव्ह निवडला की दोनेक मिनिटांत एक पडदा उघडतो, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. तुम्हाला ओळखीचाच वाटेल. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' लिहिलेलं एक चिन्ह दिसेल, त्याच्याकडे सध्या बघायचं नाही.

मिंटचंच नाव का घेतलं? कारण विंडोजवरून आलेल्या माणसाला त्यात मेनू शोधत बसावं लागत नाही. त्याच्या तीन तऱ्हा मिळतात. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई नावाची घ्या, रॅम वाढवलीत तर सिनॅमन. सध्याची २२ क्रमांकाची मालिका २०२४ मध्ये आली आणि २०२९ पर्यंत तिला सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील. उबुंटूही चांगलं आहे, फेडोराही. मुलाचे मित्र यावर रात्रभर वाद घालतील, तो त्यांचा आनंद आहे. फक्त त्यांच्यापैकी कोणी 'काली लिनक्स टाका' म्हणालं तर नम्रपणे चहा द्या आणि विषय बदला. काली हे सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांचं हत्यार आहे, नवख्यांनी ते वापरू नये असं ते बनवणारेच सांगतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याचा काळा वॉलपेपर आवडतो, एवढंच त्याचं रहस्य.

तर पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू झालं. आता काय तपासायचं? वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान खाली जातं का, उजेड कमी-जास्त करायची बटणं चालतात का. वाय-फाय दिसलंच नाही तर घाबरू नका, फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलंत की बहुतेक वेळा लगेच इंटरनेट मिळतं. एकदा लॅपटॉप शाळेत न्या आणि वर्गातल्या प्रोजेक्टरला लावून बघा. शाळेचा प्रिंटर लावा. प्रिंटरची मला खात्री देता येत नाही. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर मुकाट्याने चालतात, कारण त्यांचे ड्रायव्हर मिंटमध्ये आधीच बसवलेले असतात. पण आपल्याकडे ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणाऱ्या स्वस्त लेझर प्रिंटरपैकी काही असे आहेत की त्यांच्यापायी जाणत्या माणसाचा रविवार जातो. तुमचा तसा निघाला तर पीडीएफ करून पेन ड्राइव्हने शाळेच्या कॉम्प्युटरवर नेणं हाच सरळ उपाय.

आणि ब्राउझर उघडून तुमची रोजची कामं करून बघा. यू-डायसची माहिती, सरलचं पोर्टल, बँक, व्हॉट्सअ‍ॅप वेब, मेल. ही सगळी ब्राउझरमध्ये चालतात, आत विंडोज आहे की लिनक्स याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही. अडतं ते तिथे, जिथे मशीनला काही डोंगल किंवा यंत्र जोडावं लागतं. मुख्याध्यापकांची डिजिटल सहीची डोंगल, अंगठ्याचं यंत्र, हिशेबाचं टॅली, यांना विंडोजच लागतं असं धरून चाला.

दोन गोष्टी या चवीबद्दल आधी सांगतो, नाहीतर उगाच निराश व्हाल. पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स मुळात हळू असतं, कारण पेन ड्राइव्ह हळू असतो. वेगावरून निकाल देऊ नका. निळ्या रंगाचं यूएसबी पोर्ट असेल तर तिथे लावा, थोडा फरक पडेल. दुसरं, मशीन बंद केलं की तुम्ही केलेले बदल, उतरवलेल्या फाइली, साठवलेले पासवर्ड सगळं पुसलं जातं, पाटीसारखं. घाबरत घाबरत शिकणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे. काही बिघडवलंत तर बंद करा आणि पुन्हा सुरू करा.

हाच पेन ड्राइव्ह पुढे जपून ठेवा. उद्या विंडोज सुरूच झालं नाही तर यावरून मशीन उघडून डिस्कवरचे फोटो बाहेर काढता येतात. माझ्याकडच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक कायम असतो, आणि मावशीकडे जाताना तर नक्की.

आता श्रीलिपी, म्हणजे मराठी टाइप करायचं तुमचं जुनं सॉफ्टवेअर. तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग हाच आहे, आणि तुमच्या मुलाला तो माहीत असायचं कारण नाही, कारण त्याची पिढी सरळ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या सगळीकडे चालणाऱ्या एकाच पद्धतीत वाढली. तुमच्या जुन्या प्रश्नपत्रिकांत कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी अक्षरं नाहीतच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे साठवलेले आहेत, आणि त्या विशिष्ट फाँटने त्या जागी देवनागरीची चित्रं काढून ठेवली आहेत. फाँट नसला की समोर कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि हे सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे. फाँटची फाइल लिनक्सवर टाकून लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे तिथल्या फुकट वर्ड-एक्सेलमध्ये, जुनी फाइल उघडते कधी कधी, पण वेलांट्या आणि रफार सरकतात, आणि मराठीच्या प्रश्नपत्रिकेत रफार सरकलेला तुम्हाला चालणार नाही.

म्हणून विंडोज अजून जिवंत आहे तोवर एका सुट्टीत बसून ज्या प्रश्नपत्रिका फक्त ठेवायच्या आहेत त्यांच्या पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फाँट आत बसून येतो, कुठेही उघडा, रफार जागेवर राहतो. ज्यांत दरवर्षी फेरफार करून पुन्हा वापरता, त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी रूपांतर करणारी साधनं मिळतात, फक्त जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला. हे काम लिनक्स घेतलंत काय, न घेतलंत काय, करावंच लागणार आहे. श्रीलिपीत ठेवलेला मजकूर फोनवरही वाचता येत नाही, शोधताही येत नाही.

दुसरी अडचण एक्सेलची. साध्या निकालपत्रकाची बेरीज, टक्केवारी, श्रेणी लिब्रेऑफिस नीट करतं. पण शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी ती निकालाची शीट असते ना, कुणा उत्साही गुरुजींनी बनवलेली, बटण दाबलं की प्रगतिपुस्तक तयार, आत कुलूपबंद रकाने आणि मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा? ती लिब्रेऑफिसमध्ये अर्धवट चालते. कधी बटण दाबून काहीच होत नाही, कधी चुकीच्या जागी आकडे येतात, आणि दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. निकालाच्या आठवड्यात हा प्रयोग करू नका. त्यासाठी विंडोज आणि एक्सेलच वापरा.

म्हणजे तुम्हाला विंडोज हवंच आहे, आठवड्यातून दोनदा, ठरावीक दोन कामांसाठी. उरलेलं सगळं इंटरनेटचं काम आहे. आणि विंडोज १० चं दुखणं नेमकं इंटरनेटवर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. म्हणजे ते बंद पडलं नाही, पण नवी भोकं सापडली तर ती बुजवणारे अपडेट थांबले. नाव नोंदवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची मुदत दिली, ती मलमपट्टी आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची चिप लागते, तुमची सहावी. आडमार्गाने बसवून देणारे आहेत, मी तो मार्ग तुम्हाला सुचवणार नाही.

त्यामुळे माझा तिसरा मार्ग असा. विंडोज राहू द्या, पण त्याचं वाय-फाय कायमचं बंद करा. विंडोजमध्ये जायचं ते फक्त श्रीलिपी आणि एक्सेलसाठी. बँक, मेल, पोर्टल, यूट्यूब, बाहेरच्या जगाशी जे जे येतं ते सगळं लिनक्समध्ये. शेजारी शेजारी म्हणायचंच तर मला ही वाटणी अभिप्रेत आहे, एक घरात बसणारा आणि एक बाजारहाट करणारा. पेन ड्राइव्हने विंडोजमध्ये बाहेरच्या फाइली न्याल तेव्हा मात्र त्या कुणाकडून आल्या ते बघून न्या.

आणि दोघांना एका डिस्कवर कोंबू नका. लिनक्ससाठी वेगळा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क घ्या, साधा सॅटा जोडणीचा, अडीच इंची. २४० किंवा २५६ जीबीचा पुरतो. मिंटला स्वतःला २० जीबी जागा लागते, १०० असली की ऐसपैस. त्याच वेळी रॅम ८ जीबी करून घ्या. आजकाल मशीन दमतं ते ब्राउझरमुळे, आणि ब्राउझरला लिनक्सवरही तेवढीच रॅम लागते. लिनक्स टाकलं की ४ जीबीत वीस टॅब उघडतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

२०१६ च्या बऱ्याच लॅपटॉपांना बाजूला डीव्हीडी ड्राइव्ह असायचा. तुमच्याला असेल आणि शेवटची डीव्हीडी कधी लावली ते आठवत नसेल, तर तो काढून त्या जागी हार्ड डिस्क बसवणारी एक चौकट मिळते. दुकानदार तिला कॅडी म्हणतात. दोन जाडीच्या येतात, साडेनऊ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर, तेव्हा ड्राइव्ह काढून मोजून मगच घ्या. एसएसडी मुख्य जागेवर बसवायचा आणि विंडोजची जुनी डिस्क कॅडीत. उलट केलंत तर वेग कमी मिळण्याची शक्यता असते. काही लॅपटॉप डीव्हीडीच्या जागेवरून विंडोज सुरू करायला नकार देतात. म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला तिथेच डिस्क कॅडीत लावून विंडोज सुरू करून दाखवायला सांगा.

आता हे वाक्य दुकानदाराला वाचून दाखवा: लिनक्स बसवताना लॅपटॉपमध्ये फक्त नवा एसएसडी असू द्यायचा, जुनी डिस्क टेबलावर. माझ्या मावसभावाचं जे झालं ते यात होऊच शकत नाही, कारण पुसायला दुसरी डिस्क आतच नाही. शिवाय मिंटचा इन्स्टॉलर दोन डिस्का दिसल्या की सुरू होण्याची कळ कधी कधी भलत्याच डिस्कवर नेऊन ठेवतो. मग सहा महिन्यांनी एक डिस्क काढली की दुसरीही उघडत नाही आणि कुणाला कळत नाही का. एकटा एसएसडी असेल तर 'संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्यायही बिनधास्त निवडता येतो. बसवून झालं की जुनी डिस्क कॅडीत सरकवा. त्यानंतर एरवी लिनक्स उघडेल, आणि विंडोज हवं तेव्हा तेच बूट मेनूचं बटण.

डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर दोन डिस्कांना जागा नाही. मग एसएसडी ५०० जीबीचा घ्या, जुनी डिस्क जशीच्या तशी त्यावर उतरवा, आणि शेजारी बसवायचं ते तिथे बसवा. जुनी डिस्क तुमचा आयता बॅकअप होते. हे दुकानदाराला जमेल, पण १ टीबीतलं किती भरलं आहे ते आधी बघा, ५०० पेक्षा जास्त असेल तर फोटो आधी बाहेर काढावे लागतील.

दोन्ही चालू झाल्यावर दोन विचित्र गोष्टी दिसतील, त्यांनी बिचकू नका. पहिली घड्याळाची. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. सकाळी अकराला विंडोज म्हणेल पहाटेचे साडेपाच. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि विंडोजला वाटतं तिथे भारतातली वेळ आहे, त्यातला तो फरक. एरवी विंडोज इंटरनेटवरून स्वतःला सावरतं, पण तुमचं विंडोज तर ऑफलाइन असणार. यावर टर्मिनलमध्ये, म्हणजे तुमच्या त्या काळ्या पडद्यावर टाकायची एक ओळ आहे, लिनक्सला आतलं घड्याळ स्थानिक वेळेत वाचायला सांगणारी. मुलगा आला की त्याच्याकडून टाकून घ्या, त्यालाही बरं वाटेल.

दुसरी गोष्ट, लिनक्समधून विंडोजच्या डिस्कवरची फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची खोड आहे. शट डाउन म्हटलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट डोळे मिटतं. डिस्क अजून वापरात आहे असं पाहून लिनक्स तिला हात लावत नाही, आणि ते योग्यच करतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवरची बटणं काय करतात ते निवडायचा पर्याय, आणि तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. उलट दिशेने, विंडोजला लिनक्सची डिस्क वाचताच येत नाही. म्हणून दोघांना लागणाऱ्या फाइली विंडोजच्या डिस्कवरच एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा.

ज्यांचं मशीन नवं आहे अशा इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर. तुमच्या डिस्कवर बिटलॉकरचं किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनचं कुलूप असू शकतं, न विचारता लावलेलं. बूटच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधी कागदावर उतरवून घ्या. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारा पहारा, बंद करायची एरवी गरज नाही, मिंट, उबुंटू, फेडोरा त्याच्यासकट चालतात. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने अनेकांचं शेजारचं लिनक्स उघडेनासं केलं होतं आणि तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागलं. असं झालं तर डेटा गेलेला नसतो, नुसतं दार अडलेलं असतं. आणि ज्या विद्यार्थ्याला फक्त लिनक्सच्या आज्ञा शिकायच्या आहेत त्याने एवढा खटाटोप करूच नये, विंडोजच्या आत चालणारं डब्ल्यूएसएल त्याला पुरतं.

ताई, आता फुकटाची गोम. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला आणि पुढे असा परवाना लावून सोडला की कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, पण बदललेला वाटला तर त्यातला कोडही खुला ठेवावा. म्हणून तो विकत घेऊन बंद करता येत नाही. पैसा मोठ्या कंपन्यांना सेवा देण्यात आहे. रेड हॅट ही अशीच लिनक्सवाली कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरना घेतली. मिंट चालतं देणग्यांवर आणि प्रायोजकांवर. आणि लिनक्स तुम्ही आधीच वापरताय, तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभा तोच आहे. खरी किंमत तुमच्या वेळेत मोजावी लागते. पहिला महिनाभर प्रत्येक गोष्ट 'इथे कुठे ठेवली असेल' असं शोधत बसाल, नव्या शाळेत बदली झाल्यासारखं.

काळा पडदा बंधनकारक नाही. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, फोनच्या प्ले स्टोअरसारखं, शोधा आणि बसवा. टाइमशिफ्ट नावाची सोय पहिल्याच दिवशी चालू करा. काही बिघडलं तर ती प्रणाली कालच्या अवस्थेत परत नेते. तुमच्या फाइली मात्र ती राखत नाही, त्यासाठी कपाटातली डिस्क. इंटरनेटवरून सापडलेली आज्ञा कळल्याशिवाय टर्मिनलमध्ये चिकटवू नका, विशेषतः जिची सुरुवात 'सुडो'ने होते ती. सुडो म्हणजे घरमालकाच्या अधिकाराने सांगतोय असं म्हणणं.

मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक मिंटमध्ये सेटिंगमधून जोडता येतो, आणि 'क'ला के दाबायची सवय असेल तर मराठीचा कगप नावाचा उच्चारानुसार कळफलकही आहे. श्रीलिपीत टाइपरायटरची पद्धत बोटांत बसली असेल तर इनस्क्रिप्ट सुरुवातीला चिडवेल. सगळे स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं लक्षात ठेवलं की पंधरा दिवसांत बोटं वळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत, फुकट. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. त्यातले पडदे जुन्या आवृत्तीचे दिसतील, पण सांगणारा घाई करत नाही, हे मला आवडतं.

या रविवारी बॅकअप आणि पेन ड्राइव्ह, एवढंच. पीडीएफ करायला दिवाळीची सुट्टी आहेच. एसएसडी आणि कॅडीचा निर्णय मुलगा घरी येईल तेव्हा, आणि निकालाचे दिवस टाळून. त्याला डीव्हीडी ड्राइव्ह उघडून जाडी मोजायला लावा, आणि स्क्रू एका वाटीत ठेवायला सांगा. माझे दोन अजून सापडलेले नाहीत.